धुराड्यातून ऐकलेला इतिहास

वॅगन रेस्ट, मोंटाना
मंगळवार, ५ सप्टेंबर १९११

प्रिय टॅम्सिन,

तुला आणि हाल्वरला आईचे आशीर्वाद, आणि ज्या नातवंडांची मला फक्त नावंच ठाऊक आहेत त्यांच्या गालांना चिमटे. आम्ही इकडे आहोत. पत्रात ‘आम्ही बरे आहोत’ असं लिहायची रीत आहे, तेव्हा तसं लिहिलं असं समज.

अक्षर बघून आईने म्हातारपणी धडे गिरवले असं वाटलं असेल, तर तसं काही नाही गं. दर नाताळला पाद्रीणबाई लिहून द्यायच्या. त्यांच्या हातून कोंबड्या आणि हवापाणी यापलीकडे पत्र कधी गेलंच नाही. आज लिहायला बसलाय लेम ओक्स. तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी आला हा, इथे औषधाचं दुकान चालवतो. गळ्याला कडक कॉलर, मिशीला मेण आणि लग्नाचं वय टळत चाललेलं. (लिही लेम. तू शब्द दिलायस.) हाच आता आपल्या गावच्या फ्रीमेसन लॉजचा, त्या शपथा घेणाऱ्या पुरुषांच्या गुप्त मंडळाचा, चिटणीस आहे.

लॉजचं नाव वाचून पत्र चुलीत टाकू नकोस. थोडं थांब. तुझ्या घरी लॉजचं नाव निघत नसेल हे मला कळतं. पण आज मला जे सांगायचंय ते त्याच वाटेने जातं, दुसरी वाट नाही.

झालं असं की गेल्या वर्षी वसंतात लॉजची जागा जळाली. काउलच्या दुकानासकट. माणूस कोणी गेलं नाही, पण त्यांची कागदपत्रं सगळी राख झाली. आता हे लोक विटांची नवी इमारत बांधतायत आणि पुढच्या महिन्यात तिच्या पायाचा दगड बसवायचा आहे. त्या दगडाच्या पोटात म्हणे लॉजचा इतिहास लिहून ठेवतात, शंभर वर्षांनी कोणी फोडला तर वाचावा म्हणून. इतिहास सांगणार कोण? लॉज उभं करणाऱ्यांपैकी जिवंत राहिला एकटा तुझा बाप. आणि तुझा बाप तोंड उघडेना. लेम तीनदा येऊन गेला. म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडतो.

मग हा माझ्याकडे आला. “आजी, तुम्हाला काही आठवत असेल तर...”

म्हटलं, “मला? अरे, बाईमाणसाला तुमच्या जिन्याची पहिली पायरी चढायची बंदी. मला काय आठवणार?”

“तरी पण, जेवणं तर तुम्हीच करायचात ना खाली?”

म्हटलं, “हो बाबा, इतिहास जेवायला खालीच यायचा.” आणि सौदा केला. आधी माझं पत्र, मी बोलेन तसंच्या तसं. त्यात त्याचा इतिहास जेवढा सापडेल तेवढा त्याचा. हात अडखळला तर माझं तोंड बंद. हा म्हणाला, मेसनचा शब्द. बघू.

तर ऐक लेम, आणि तूही ऐक टॅमी, तुलाही यातलं सुरुवातीचं ठाऊक नाही, तू पाळण्यात होतीस.

आम्ही आलो तेव्हा गाव म्हणजे ओढ्याकाठी तंबू, चार लाकडी खोपटी आणि चिखल. सोनं निघत होतं, त्यामुळे खूनही निघत होते. कोणाचा कोणावर भरवसा नाही. अशात एका संध्याकाळी तुझा बाप चेहरा उजळून घरी आला. काय तर म्हणे, दुकानदार काउलने हात मिळवताना अंगठा एका विशिष्ट जागी दाबला. झालं! दोघांना कळलं की दोघे मेसन. मी म्हटलं, अंगठा दाबून माणूस ओळखता येतो तर माझ्या वडिलांनी लग्नाआधी तुझी एवढी चौकशी कशाला केली?

पण चेष्टा पुरे. खरं सांगायचं तर त्या अंगठ्याने गाव वसवलं. नऊ-दहा माणसं निघाली तशी. कोणी मेला तर खड्डा तेच खणायचे, विधवेला सरपण तेच टाकायचे. पुढे शाळेसाठी पहिली लाकडं त्यांनीच ओढून आणली. हे नीट लिही लेम, अभिमान धरण्यासारखं आहे. मेसन म्हणजे गवंडी म्हणवतात, वीट एकाला रचता येत नव्हती, पण माणसावर माणूस रचला त्यांनी.

सभा काउलच्या दुकानाच्या माडीवर. पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे लांबच्यांना चांदण्यात घोड्यावर परत जाता यावं. दाराशी पहारेकरी उघडी तलवार घेऊन उभा पाहिजे असा नियम. तलवार कुठून आणणार? लाकूड कापायच्या मोठ्या करवतीचं पातं घासून तुझ्या बापाने तलवार केली. एका बाजूला दाते तसेच राहिले. शत्रू आला असता तर त्याला सावकाश, पुढे-मागे करत कापावं लागलं असतं.

आणि गुपित! बाई गं, काय ते गुपिताचं कौतुक. खाली आवाज जाऊ नये म्हणून त्यांनी दोन फळ्यांच्या मध्ये भुसा ठासून भरला. सगळ्यांनी मिळून, आठवडाभर. पण दुकानातल्या चुलीचं धुराडं माडीतून वर जायचं, त्याचं भोक तसंच मोठं ठेवलं. थंडीत वर ऊब मिळावी म्हणून. ऊब वर गेली आणि शब्द खाली आले. आम्ही बायका चुलीशी डबाबंद कालवांचा रस्सा ढवळत सगळं ऐकायचो. काउलची बायको तर वरच्यांच्या आधी त्यांचे मंत्र म्हणायची. लेमचा चेहरा उतरलाय. अरे, कोणी बाहेर बोललं का इतक्या वर्षांत? तुमच्या भुशापेक्षा आम्हीच घट्ट होतो.

आता घेवड्याचं.

नवा माणूस आत घ्यायचा तर गुप्त मत द्यावं लागतं. एक पेटी. तिच्या एका खणात पांढऱ्या-काळ्या गोट्या एकत्र. प्रत्येकाने एकट्याने पेटीशी जायचं, एक उचलायची, बंद खणात टाकायची. सगळ्या पांढऱ्या निघाल्या तर माणूस आत. एक काळी निघाली की बाहेर. एकच पुरे. आणि कोणी टाकली हे कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही. मी टाकली असं सांगायचं नाहीच, पण मी टाकली नाही असंही सांगायचं नाही. कारण दहांतल्या नऊ जणांनी ‘मी नाही’ म्हटलं की दहावा उघडा पडला. यात शहाणपण आहे, मी नाही म्हणत नाही. ज्याच्या घरात त्याची किंमत मोजायची वेळ आली नाही त्याला ते शहाणपण पुष्कळ वाटतं.

पूर्वेकडून मागवलेल्या गोट्या नदी ओलांडताना वाहून गेल्या. तेव्हा माझ्याच बरणीतून पांढरा घेवडा आणि काळा घेवडा वर गेला. पुढे चांगल्या गोट्या आल्या, तरी यांनी घेवडा सोडला नाही. आमची परंपरा, म्हणे. परंपरा तीन वर्षांची होती.

टॅमी, आता तू उठून जाशील. बस.

हाल्वरचा अर्ज तुझ्या बापानेच लिहवून दिला होता. हे तुला माहीत नाही, कारण तेही गुपित. तो तुला म्हणायचा ना, “नॉर्वेचा सुतार, रंधा मारतो की लोणी लावतो?” तो त्याचा टोमणा नव्हता, कौतुक होतं ते. तुझ्या बापाला कौतुक टोमण्यातच करता येतं, आणि ते तू माझ्याकडून शिकायला हवं होतंस, मीही तशीच आहे. जावई आपल्या शेजारी लॉजचा पांढरा एप्रन बांधून बसेल या आनंदात त्याने त्या दिवशी दाढी दोनदा केली.

मी खाली चुलीशी होते. काउल तेव्हा अध्यक्ष. धुराड्यातून आवाज आला: “एक काळा.” मग म्हणाला, “एकच आहे. हात चुकला असेल. पुन्हा एकदा.” असा नियमच आहे, एकच निघाला तर दुसरी फेरी. बूट वाजले, एकेकाचे. मग काउल पुन्हा: “एक काळा.”

रस्सा कोणी खाल्ला नाही त्या दिवशी.

दुसऱ्या दिवसापासून गाव हाल्वरकडे कसं बघायला लागलं ते तुला मी सांगायला नको. काहीतरी असल्याशिवाय का काळा पडतो? नॉर्वेत पहिली बायको असेल. तुरुंगात होता असेल. चर्चच्या छपराचं काम त्याच्या हातून काढलं. आणि तू भर जेवणावर बापाला विचारलंस, “बाबा, तुम्ही टाकलात का? एवढंच सांगा. हो का नाही.”

तो गप्प बसला. मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली, तरी गप्प. तुला वाटलं, ‘नाही’ म्हणायला काय जातं, म्हणत नाही म्हणजे टाकलाय. तू ताट सरकवलंस. पुढचं तुला माहीत आहे. गाडी ओरेगॉनकडे निघाली तेव्हा तो फाटकाशी उभा होता, आणि तू पुढे बघत बसली होतीस.

त्याने ‘नाही’ म्हटलं नाही ते शपथेपायी. त्या दिवशी त्याच्या मनात ‘नाही’च होतं. आपण पांढरा टाकला असंच तो समजत होता. मला काही बोलला नाही, पण काउलला रस्त्यात पाहिलं की पलीकडून जायचा. म्हणजे त्याच्या हिशेबी काउलने टाकलेला. कितीतरी वर्षं तो काउलशी बोलला नाही. लॉजमध्ये शेजारी बसून न बोलणं ही काय कसरत असेल बघ.

इथपर्यंत ठीक आहे ना लेम? पाणी पी. पुढचं तुला लिहायला जड जाईल.

तुझ्या बापाचे डोळे, टॅमी. तू इथे होतीस तेव्हाच बिघडायला लागले होते. ना तुला कळलं, ना मला. टपालगाडी हाकणाऱ्याचे डोळे गेले तर त्याला कोण ठेवणार? म्हणून तो बोलला नाही. खेचरांना रस्ता पाठ होता, आणि हा बाजूला बसून रुबाबात लगाम धरायचा. वळणावर गाणं म्हणायचा, समोरून गाडी येत असेल तर तिने ऐकून थांबावं म्हणून. आम्ही म्हणायचो, पास्को खुशीत आहे.

तू गेल्यानंतरच्या कितव्या तरी शरदात मी घेवडा निवडायला बसले होते. पांढरा-काळा एकत्र वाळत घातला होता. म्हटलं, रिकामा बसलायस तर निवड. दिवा लावला, दोन वाडगी पुढे ठेवली. मी माझ्याच बडबडीत. थोड्या वेळाने बघते तर पांढऱ्याच्या वाडग्यात सगळा काळा.

म्हटलं, “म्हाताऱ्या, थट्टा करतोस काय?”

“कसली थट्टा?”

“अरे, काळा घेवडा पांढऱ्यात टाकतोयस!”

तो म्हणाला, “हा? हा तर चमकतोय.”

कळलं का तुला? काळा घेवडा तुकतुकीत असतो. दिव्याखाली चमकतो. ज्याच्या डोळ्यावर मोतीबिंदूचा पडदा आलाय त्याला चमकतं ते पांढरं. पांढरा घेवडा मंद, तो त्याला मातीसारखा दिसायचा. त्याने एक दाणा उचलला, दिव्याजवळ नेला, डोळ्याला लावला, लांब धरला. मग वाडग्यात हळूच ठेवला, अंडं ठेवावं तसा. उठला आणि परसात गेला. माडीवरही एकच दिवा असायचा, टॅमी. आणि पहिल्या वेळी जो हात चुकला तो दुसऱ्या वेळी तसाच, तेवढ्याच प्रेमाने चुकला.

दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड घेऊन तो काउलच्या परसात गेला आणि न बोलता लाकडं फोडायला लागला. दिसत नव्हतं तरी. तो महिना संपेपर्यंत रोज. शेवटी काउल बाहेर येऊन म्हणाला, “पास्को, बास कर रे बाबा. एवढं सरपण जाळायला मला दोनदा म्हातारं व्हावं लागेल.” काउलने कारण विचारलं नाही. त्यालाही विचारायची बंदी होतीच. दोन वर्षांनी तो गेला. कळलं होतं का त्याला, देव जाणे.

मी म्हणत राहिले, तिला कळवूया. तो म्हणायचा, “कशावर मत दिलं ते सांगायचं नाही, अशी शपथ आहे.” “अरे, चुकून दिलेलं मत म्हणजे मत का?” “केझाया, शपथ चुकीसाठी वेगळी नसते.” डोक्यात दगड, आणि तोही चौकोनी घडवलेला. मग मीही दमले. कोंबड्या आणि हवापाणी. कोंबड्या आणि हवापाणी.

लेमने लेखणी खाली ठेवली आहे. म्हणतोय, “आजी, मी चिटणीस आहे. हे मी ऐकायला नको होतं. लिहायला तर नकोच.” मी म्हटलं, शपथ तू घेतलीस, त्याने घेतली, तुमच्या अख्ख्या माडीने घेतली. मी घेतलेली नाही. मला वर येऊच दिलं नाहीत ना? मग भोगा. माझ्या तोंडाला तुमचं कुलूप बसत नाही. आणि मत कोणाचं हे मी कुठे पाहिलं? मी पाहिला तो घेवडा, माझ्या टेबलावर. इतिहासात घालू नकोस. दगडाच्या पोटात माझ्या नवऱ्याची चूक शंभर वर्षं ठेवायची गरज नाही. पण माझ्या लेकीच्या पत्रात लिही.

बसलाय नुसता. मिशीचं मेण चोळतोय.

उचलली. मधलं राहिलेलंही लिही. शहाणा आहेस. कोणीतरी चांगली मुलगी बघून देईन तुला.

तर आता ते सांगते, जे सकाळपासून टाळतेय. सुरुवातीला मी ‘बरे आहोत’ म्हटलं, ते माझ्यापुरतं. तुझा बाप खाटेवरून उठत नाही. डोळे पूर्ण गेलेत, त्याची त्याला सवय झाली. छाती भरते. अन्नावर वासना नाही. डॉक्टर म्हणतो, पहिलं बर्फ बघेल; तो काय बघणार म्हणा. लॉजवाले येऊन गेले. शेवटचा संस्थापक, बँड लावून नेऊ म्हणतात. त्यांच्यात माणसाला त्याचा कोकराच्या कातड्याचा एप्रन बांधून पुरतात, तोच एक दागिना बरोबर जातो. तुझ्या बापाने मला बजावलंय, एप्रन बांधायचा नाही. का, ते त्यांना सांगत नाही. मला सांगितलं. “लेकीने एक साधा प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर न देता मी ते बांधून वर कसा जाऊ?” शपथ मोडायची नाही, आणि शपथ पाळलेली सोसायचीही नाही. असा माणूस मी पन्नासेक वर्षं सांभाळलाय. मला बक्षीस म्हणून एखादा एप्रन द्या.

म्हणून मी उत्तर दिलं. त्याला न विचारता.

हे सगळं मी मोठ्याने सांगतेय, दार उघडं आहे, आणि खाट दारापलीकडेच आहे. कान चांगले आहेत त्याचे. मघापासून वाट बघतेय की आतून ओरडेल, गप्प बस केझाया. भिंतीकडे तोंड होतं, आता छताकडे आहे.

टॅमी, तो बोलला. लेम, जसंच्या तसं लिही. म्हणाला,

“लेम आहे ना तिथे? चिटणीस म्हणून ऐकायचं तर ऐक. काय करायची ती शिक्षा करा. तिला लिही, मी टाकला. ‘चुकून’ लिहू नकोस. चुकून म्हटलं की ऐकणाऱ्याला माफ करावंच लागतं. तिच्यावर तसली जबरदस्ती नको.”

आणि मग खोकला. मी जाऊन पाणी पाजून आले.

लेम म्हणतो, आज मी औषधवाला म्हणून आलो होतो, चिटणीस घरी आहे. माणूस वाटला तेवढा मेणाचा नाही.

म्हाताऱ्याचं त्याने लिहिलं. माझं मी लिहवते: चुकून. चुकून, टॅमी. दोन्ही वेळा.

हाल्वरला सगळं वाचून दाखव. त्याला म्हणावं, तुझ्याविरुद्ध या गावात कोणाच्याच मनात काळं नव्हतं. होतं ते एका म्हाताऱ्याच्या डोळ्यात. राग धरायचा तर धर, पण आपल्यात काहीतरी खोट असेल म्हणून मनात कुढत असशील तर ते आज सोड.

आगगाडी आता गावापर्यंत येते. एवढी वर्षं त्या अंतराचं निमित्त सांगता येत होतं, तेही गेलं. पत्राचं उत्तर पाठवू नकोस. मला वाचता येत नाही. वाचायला लेमला बोलवावं लागेल, आणि तू बापाला काय म्हणतेस ते लॉजने आधी ऐकावं हे मला नको. यायचं नसेल तर काहीच पाठवू नकोस. मी समजेन आणि एप्रन पेटीत घडी करून ठेवेन. यायचं असेल तर ये, आणि आल्यावर फार बोलू नकोस. हातात हात दे. अंगठा कुठेही दाब, त्याला कळेल.

हे अक्षर लेमचं, बोलणं माझं. खालची फुली मात्र मी माझ्या हाताने काढली आहे, जरा जोरात, कागद फाटलाय तो त्यामुळे.

तुझी थकलेली आई,
केझाया
×